गोवर्धनाखाली सगळे गोकुळ

माघी वारी करून आपण आपापल्या घरी परतलो. कुणाला पायांवर डोके ठेवायला मिळाले, कुणाचे कळसाच्या दर्शनावरच समाधान झाले. आता शिमगा तोंडावर आला. शिवारात गहू पिवळा पडला, हरभऱ्याचे घाटे वाळू लागले, ज्वारीच्या काढणीची लगबग सुरू झाली. अशा दिवसांत आमच्या नांदेड-लातूरकडचा माणूस दुपार कलली की एकदा तरी आभाळाकडे बघतो. का बघतो ते सांगायला नको. सोसाट्याचा वारा, वीज आणि गार यांचे दिवस आता सुरू होतात ते थेट मृगापर्यंत.

म्हणून या महिन्याच्या निरूपणाला आम्ही विषय घेतला आहे तो घरावरच्या पत्र्याचा आणि दारापुढच्या नालीचा. हे वाचून काही सज्जन म्हणतील, बुवांना झाले तरी काय? नामाचा महिमा सोडून गवंड्याचे काम कुठे सांगत बसले? तर बाबांनो, आम्ही परमार्थच सांगतो आहोत. शेवटपर्यंत वाचा, आणि मग काय म्हणायचे ते म्हणा.

गोवर्धनाची कथा आपणांपैकी प्रत्येकाने शंभर वेळा ऐकली असेल. इंद्राचा यज्ञ बंद झाला, त्याला राग आला, त्याने प्रलयाचे मेघ गोकुळावर सोडले. भागवताच्या दशम स्कंधात त्या पावसाचे वर्णन आहे. त्यात नुसते पाणी नाही. वीज आहे, वारा आहे आणि गाराही आहेत. गायी कुडकुडू लागल्या, वासरे आईच्या पोटाखाली शिरली, गोपगोपी देवाला शरण आले. मग देवाने काय केले? डोंगर उचलला आणि सात दिवस धरून ठेवला. आता यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. देवाने नंदाच्या वाड्यावर वेगळे छत्र धरले नाही. ज्यांची भक्ती जास्त त्यांना आधी आत घेतले, असेही झाले नाही. एक डोंगर, आणि त्याच्याखाली सगळे गोकुळ. गुरेढोरे, गाडे आणि म्हातारेकोतारे धरून. आणि आमच्या कीर्तनकारांची परंपरा सांगते की सवंगड्यांनीही आपापल्या काठ्या त्या डोंगराला लावल्या होत्या. त्या काठ्यांनी डोंगर पेलला गेला का? नाही. पण काठी न लावता नुसता उभा राहिलेला एकही गोपाळ आम्हाला त्या कथेत भेटलेला नाही.

या दोन गोष्टी गाठीला बांधा. संकटातले छप्पर हे सगळ्यांचे असते, ही एक. आणि देव उचलतो तेव्हाही आपली काठी लावायची असते, ही दुसरी. आजचे निरूपण एवढेच आहे. पुढे जे सांगायचे ते या दोहोंचा विस्तार.

2014 साल आठवा. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला पंधरवडा. मराठवाड्यात, विदर्भात, सोलापुराकडे आणि उत्तर महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गार पडली. कुठे बोराएवढी, कुठे लिंबाएवढी. गहू झोपला, हरभरा झडला, द्राक्षांचे घड मातीत गेले, मोसंबी-डाळिंबाच्या बागा सोलून काढल्यासारख्या झाल्या. पाखरे मेली, जनावरे जखमी झाली. रानात पांढरी चादर अंथरावी तशी गार पसरली होती. ज्या मुलांनी बर्फ फक्त चित्रात पाहिला होता, त्यांनी तो आपल्या बांधावर ओंजळीत धरला. आणि त्यांचे बाप धुऱ्यावर डोके धरून बसले होते.

पुष्कळ जण विचारतात, आपल्या या तापल्या मुलखात बर्फ येतो कुठून? त्याचे उत्तर असे. फाल्गुन-चैत्रात जमीन तापते आणि तिच्यावरची हवा हलकी होऊन वर धावते. समुद्राकडून आलेली ओल तिला मिळते. वरच्या थरांत मात्र वायव्येकडून आलेला गार वारा असतो. खाली उष्ण, वर थंड, अशी स्थिती झाली की ढग कापसाच्या गंजीसारखा चढत जातो. दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत. तिथे पाणी गोठते. गोठलेला थेंब खाली यायला लागला की खालून वर येणारा झोत त्याला तोलून धरतो. ढगातल्या पाण्याने त्याच्यावर बर्फाची पुटे चढत जातात. मोठी गार मधोमध कापून पाहिली तर तिच्यात कांद्यासारखे पदर दिसतात, ते ढगातल्या वेगवेगळ्या स्थितींत चढलेल्या बर्फाचे. शेवटी वजन पेलवेनासे झाले की ती सुटते, आणि तिच्याबरोबर ढगातली थंड हवाही खाली कोसळून जमिनीवर चौफेर सुटते. गार पडण्याआधी अंगावर एकाएकी जो थंड झोत येतो, तो हाच. घरावरचे पत्रे उडतात ते बहुधा या वाऱ्याने.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण जो दोष आपण लपवतो तो दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, म्हणून सांगतो.

आम्ही लातूर शहराच्या कडेला पत्र्याच्या घरांच्या एका गल्लीत राहतो. 2014 च्या त्या मार्चात चार दिवस आधीच इकडेतिकडे गार पडल्याच्या बातम्या येत होत्या. आम्ही शहाणपणा केला. मिस्त्री बोलावला, पत्र्याचे सैल हुक बदलून घेतले, कडेला नवे अँगल टाकले, वायसर बसवले. घर बंदोबस्ताचे झाले आणि आम्ही निवांत हरिपाठाला बसलो.

आमच्या समोर एक मावशी राहायच्या, एकट्याच. पस्तीस वर्षांच्या वारकरी. दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या. त्यांच्या खोलीवरच्या पत्र्याला हुक नव्हते; पत्रा उडू नये म्हणून वर धोंडे ठेवलेले होते, सात-आठ. आम्ही रोज पहाटे अंगणात उभे राहून सूर्याला पाणी द्यायचो, तेव्हा ते धोंडे समोर दिसायचे. मिस्त्री आमच्या घरी दोन दिवस होता. त्याला समोर पाठवावे, हे आमच्या मनात आलेच नाही. आले असते तर दोन-चारशे रुपयांचे काम होते.

त्या संध्याकाळी थंड झोत आला, मागोमाग गार. आमचे छप्पर हलले नाही. समोरचा पत्रा कडेने उचलला गेला, दुमडला, आणि त्याच्यावरचे धोंडे आत पडले. मावशी देवापुढे दिवा लावत होत्या. एक धोंडा उजव्या खांद्यावर पडला. हाड मोडले. जीव वाचला, पण खांदा वाकडाच सांधला. हात डोक्यापर्यंत जाईना. त्या वर्षी वारी चुकली. पुढच्या वर्षी त्या चालल्या, पण तुळस दुसऱ्या बाईच्या डोक्यावर होती. मावशी तिच्या बाजूने रिकाम्या डोक्याने चालत होत्या.

आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. त्याच म्हणाल्या, ‘‘बुवा, दगडं म्याच ठिवली व्हती. तुमचा काय दोस?’’

सज्जनहो, त्यांनी आम्हाला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एका वाक्याने आमच्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या प्रवचनांचा हिशोब मांडला. सगळ्यांच्या ठायी एकच पांडुरंग आहे असे आम्ही व्यासपीठावरून सांगत होतो. आणि समोरच्या घरातल्या पांडुरंगाच्या डोक्यावर धोंडे आहेत, हे आम्हाला दिसत असूनही दिसले नव्हते. त्या दिवशी गोवर्धनाची कथा आम्हाला नव्याने कळली. आम्ही आमच्यापुरता डोंगर उचलून बसलो होतो.

आपली पुष्कळ मराठी कुटुंबे आता अमेरिकेत, कॅनडात राहतात. तिकडे थंडीत बर्फाची वादळे होतात. आपल्याकडे आगोटीआधी घर शाकारायचे, तशी त्यांची हिवाळ्याआधीची तयारी असते. बर्फ ओढायची फावडी दाराशी आणून ठेवायची, पायऱ्यांवर टाकायला मीठ आणायचे, नळातले पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून ते झाकायचे. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिकडच्या कित्येक शहरांत असा नियम आहे की बर्फ थांबला की ज्याने त्याने आपल्या घरापुढची पायवाट ठरल्या वेळेत साफ करायची. ती वाट रहदारीची, सगळ्या गावाची; तरी तिचा आपल्या दारापुढचा तुकडा आपण राखायचा. का? तर त्या वाटेने जाणारा परका माणूस घसरून पडू नये. बर्फ काय किंवा गार काय, दोन्ही एकाच पाण्याची लेकरे. तिकडे जो धर्म कायद्याने पाळला जातो, तो आपण माळकऱ्यांनी प्रेमाने पाळायला काय हरकत आहे?

तयारी करावी, पण ती समजून करावी, हेही सांगितले पाहिजे. या बाबतीत आमच्या लातूर जिल्ह्याइतकी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल. आपली जुनी घरे माळवदाची. जाड दगडी भिंती, चिखलात रचलेल्या. वर लाकूड, आणि लाकडावर माती. दर पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून आपले वाडवडील वर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर द्यायचे. आजोबांनी दिला, बापाने दिला, लेकाने दिला. जुना थर कुणी काढला नाही. होता होता माथ्यावर फूट-दोन फूट माती साचली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारीची भूमी हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून दमलेली माणसे घरांत झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाने जमीन हलवली. माणसे दबली ती भिंतींच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. पावसापासून राखण म्हणून जे वर्षानुवर्षे चढवले, तेच उरावर आले.

यातून दोन बोध घ्यावेत. आपले माळवद अजून असेल तर नवा थर देण्याआधी जुना काढावा, आणि छप्पर हलके राहील असे बघावे. आणि दुसरा बोध मनाचा. भीतीपोटी आपणही कशाकशाचे थर चढवत जातो. धनाचे, कुंपणाचे, माझ्या-तुझ्याचे. वाटते, घर मजबूत झाले. प्रत्यक्षात ते जड झालेले असते.

भूकंपानंतर पत्रे आले. पत्रा हलका, भूकंपाला बरा. पण वाऱ्याला वाईट. प्रत्येक छपराचा एक गुण आणि एक दोष, माणसासारखाच. तेव्हा आता छपराविषयी जे आम्ही त्या ठेचेनंतर शिकलो ते सांगतो.

वारा पत्र्याला वरून दाबत नाही, तो त्याला वर ओढतो. छपरावरून वेगाने जाणारी हवा पत्र्याला शोषून घेते, आणि तो सुटतो तो कडेकडून आणि कोपऱ्यांतून. म्हणून कडेला आणि आढ्याला हुक जवळ जवळ मारावेत. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात पाडले तर पाणी गळते. वायसर नवे घालावे. पत्रा भिंतीबाहेर फार लांब काढू नये, वाऱ्याला धरायला तेवढीच कड मिळते. धोंडे, जुनी टायरे, लाकडी ओंडके हे पत्र्याचे राखणदार नव्हेत. पत्रा गेला की ते खाली येतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सिमेंटचा पत्रा असेल तर मोठ्या गारेने तो फुटतो; गार सुरू झाली की त्याच्याखाली थांबू नये, आतल्या पक्क्या खोलीत जावे. स्लॅबचे घर असेल तर पन्हाळीची तोंडे साफ ठेवावीत. गारांचा ढीग पन्हाळीच्या तोंडाशी बसला की पाणी स्लॅबवर तुंबते. वादळ थांबल्यावर पहिले काम तो ढीग ओढायचे. रिकामी प्लॅस्टिकची टाकी वाऱ्याने उडते. ती भरून तरी ठेवावी, नाहीतर बांधून.

हे झाले घराचे. पण आपला मुद्दा गल्लीचा आहे.

नाली ही गल्लीची सामाईक रक्तवाहिनी. वरच्या घराने तिच्यात टाकलेली पिशवी खालच्या घरात पाणी शिरवते. शहाणा म्हणवणारा माणूस आपला ओटा उंच करतो, दारापुढे उतार काढतो, आणि त्याच्या दारचे सगळे पाणी शेजारच्या गरिबाच्या चुलीत जाते. रस्त्यावर रस्ता चढत जातो आणि जुनी घरे खड्ड्यात राहतात. तेव्हा आपले बांधकाम करताना पाणी जाईल कुठे, हे आधी बघावे. आपल्या दारचे पाणी शेजाऱ्याच्या घरात सोडून मग एकादशी केली, तर त्या उपासाचे काय करायचे ते देवालाही सुचत नसेल.

नांदेडकरांना हे वेगळे सांगायला नको. गोदामाई उशापायथ्याशी आहे. वर पाऊस झाला, विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या वस्त्यांचा जीव टांगणीला लागतो. 2025 च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात तर रातोरात गावांत पाणी शिरले, माणसे अडकली, सुटकेसाठी लष्कराला बोलवावे लागले. अशा रात्री कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे, कुणाची सून अवघडलेली आहे, कुणाला दिसत नाही, हे सरकारी कागदावर नसते. ते शेजाऱ्याला ठाऊक असते. ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर त्याची जबाबदारी आहे. ठाऊक असणे हेच ऋण.

म्हणून आमच्या गल्लीने त्या वर्षानंतर एक रीत पाडली. शिमग्याच्या आदल्या रविवारी पाच-सात माणसे टाळ न घेता निघतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक घराचे छप्पर बाहेरून बघतात. कुठला हुक सैल, कुठला पत्रा गंजला, कुठली मातीची भिंत पोटाला आली, कुठली फांदी वाळून तारेवर लवली, कुठल्या चेंबरचे झाकण गेले. ज्याला परवडते तो आपले काम करून घेतो. ज्याला परवडत नाही त्याचे भजनी मंडळाच्या पेटीतून होते. वाळलेली फांदी पालिकेला किंवा महावितरणला सांगून काढायची. तारेजवळच्या झाडावर आपण चढायचे नाही. ते वाळके लाकूड आमच्या होळीला पुरते. नाल्या दोनदा उपसायच्या, एकदा शिमग्याला आणि एकदा मृगाआधी. आणि प्रत्येक एकट्या माणसामागे एक घर नेमून दिलेले. वारा सुटला की त्या घराने आधी तिकडे धावायचे, मग आपली कवाडे लावायची.

वाचणाऱ्याच्या उपयोगासाठी आणखी थोडे. हवामान खात्याचे इशारे रंगांत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हाला. मंदिराच्या फळ्यावर आज काय तिथी आहे हे लिहितो, त्याच्याखाली आजचा रंगही लिहावा. तुटून पडलेल्या तारेला काठीनेही शिवू नये. तिथे माणूस उभा करून वाटसरूंना अडवावे आणि महावितरणला 1912 वर कळवावे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक 1077, पोलीस व इतर तातडीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. हे चार आकडे लेकरांकडून पाठ करून घ्यावेत, हरिपाठाबरोबर.

आता आपण वारकरी, म्हणून विजेविषयी. आमच्या भागातल्या दिंड्या आषाढीसाठी ज्येष्ठात निघतात, ऐन मृगाच्या आगेमागे. उघड्या माळावर दिंडी, हातात उंच पताका, आणि वर गडगडाट. वीज बहुधा उंच वस्तूचा माग काढते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे आपल्यापर्यंत पोचू शकते. तेव्हा पताका आडव्या कराव्यात आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. झाडाखाली, तंबूत, उघड्या शेडमध्ये थांबू नये. काहीच आसरा नसेल तर घोळका मोडून अंतराअंतराने, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुढे निघावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप केले आहे, ते जवळपासच्या विजेची सूचना देते. प्रत्येक दिंडीत एका तरुणाकडे ते असावे. पताका खाली ठेवली म्हणजे तिचा अवमान झाला, असे कुणी समजू नये. ती ज्यांच्यासाठी फडकते ती माणसे राहिली, तरच ती उद्या पुन्हा वर जाईल.

आता एक शंका राहिली, आणि ती प्रत्येक वेळी निघते. कुणी म्हणतो, बुवा, प्रारब्ध काही चुकते का? पांडुरंग बघून घेईल. आपण नाम घ्यावे, बाकी त्याच्यावर सोडावे.

या शंकेला उत्तर द्यायला आम्हाला लांब जावे लागत नाही. आमच्या शेजारी तेर आहे, गोरोबाकाकांचे गाव. काका चिखल तुडवता तुडवता नामात असे रंगले की पायाखाली लेकरू आले ते कळले नाही. पुढे पांडुरंगाने लेकरू परत दिले. ही कथा सांगताना आपले डोळे भरतात, आणि भरावेत. पण ती काकांची योग्यता होती. त्यांना स्वतःचे भानच नव्हते. आपल्याला मात्र स्वतःचा पत्रा बांधायचे भान असते, आपल्या बँकेच्या पुस्तकाचे भान असते, आपल्या मोटारसायकलवर ताडपत्री टाकायचे भान असते. शेजाऱ्याच्या वेळीच नेमके आपण गोरोबाकाका होतो! याला वैराग्य म्हणत नाहीत, सज्जनहो. याला डोळे मिटणे म्हणतात.

पांडुरंग बघून घेईल हे खरे. पण त्याने बघायचे कुणाच्या डोळ्यांनी? त्याने तुमचे डोळे त्या सैल पत्र्यावर नेले, हेच त्याचे बघणे. पुढचे काम त्याने तुमच्या हातांवर सोपवले. तो विटेवर उभा आहे आणि त्याचे हात कटेवर आहेत, हे आपण रोज बघतो. त्याचे हात कमरेवर आहेत ते का, याची थोर थोर उत्तरे संतांनी दिली आहेत. आमचे अडाण्याचे एक उत्तर असे, की त्याने आपले हात आपल्याकडे उसने दिले आहेत.

त्या मावशी आता नाहीत. त्यांच्या खोलीवर आज पक्का पत्रा आहे, दुसरे बिऱ्हाड राहते. आम्ही अजून पहाटे अंगणात उभे राहतो. समोर धोंडे नाहीत, तरी ते आम्हाला दिसतात. ते दिसत राहावेत अशीच आमची देवाजवळ प्रार्थना आहे. कारण ते दिसेनासे झाले की आम्ही पुन्हा निवांत हरिपाठाला बसू.

तेव्हा वाचकहो, हा अंक हातावेगळा करून एकदा दाराबाहेर या. आधी समोरचे छप्पर बघा, मग डावीकडचे, मग उजवीकडचे. आपले शेवटी बघा. जे दिसेल ते शिमग्याच्या आत करून टाका. मग आभाळ भरून आले, तर सगळ्या गल्लीने एका घरात बसून नाम घ्यावे. बाहेर गार वाजू दे, आत टाळ वाजू दे. डोंगर त्याने उचललेलाच आहे. आपली काठी लागली आहे की नाही, एवढेच बघायचे.

रामकृष्णहरि.